बधिर पायाची आग

रेणापूर, ४ जून २०२४

चि. धम्मप्रिया,
सप्रेम जय भीम.

तुझ्या घरचा पत्ता माझ्याकडं नाही, म्हणून हे पत्र तुझ्या कॉलेजच्या पत्त्यावर टाकतो आहे. पत्ता रूपालीनं दिला. तिच्यावर रागावू नकोस. मी दोन वेळा तिच्या शाळेत जाऊन बसलो, तेव्हा तुझ्या मैत्रिणीला द्यावाच लागला. तू फोन उचलत नाहीस हे सहा वर्षांपासून बघतो आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

इकडं सगळं ठीक आहे. स्वयंपाक मीच करतो. भाकरी जमत नाही, पोळी जमते. शेत वाट्यानं दिलं आहे. दवाखान्यात माझ्या जागी आलेला फार्मासिस्ट चांगला आहे, अजून कधीतरी औषधांच्या साठ्याबद्दल विचारायला घरी येतो. सगळे मला अजून 'कंपाउंडर साहेब'च म्हणतात.

पत्र लिहिण्याचं कारण वेगळं आहे. माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. वय चौसष्ट. साखर अकरा वर्षांपासून. त्याच्या तळपायाला हात लावला तर त्याला कळत नाही. पायाखाली खडा आला, कळत नाही. पण त्याच पायाची आग होते. चादरीचा काठ लागला तरी सहन होत नाही, असं तो म्हणतो. मी छत्तीस वर्षं औषधं वाटली, पण त्याला उत्तर देता येईना. ज्या पायाला काही कळतच नाही, तो दुखतो कसा? दोन्हींतलं एकच खरं असलं पाहिजे, असं मला वाटतं.

तू याच विषयावर काम करतेस असं रूपाली म्हणाली. दोन ओळी लिहिल्यास तरी पुरे. मी त्या माणसाला सांगेन.

तब्येतीला जप.

दादा


रेणापूर, २७ जुलै २०२४

चि. धम्मप्रिया,
जय भीम.

पत्र पोचलं असेल. पोस्टमन म्हणतो पोचतंच.

तो ओळखीचा माणूस म्हणजे मीच. तुला हे पहिल्या वाचण्यातच कळलं असणार. तू लहानपणापासून माझं खोटं ओळखायचीस आणि बोलायची नाहीस.

आग चार वर्षांपासून आहे. सुरुवातीला बोटांना मुंग्या यायच्या, मग टाचेपर्यंत. मिरच्या कांडलेल्या हातांनी कुणी पाय चोळून ठेवावेत, तसं दिवसभर. दुपारी आडवा झालो की जास्त. गोळ्या चालू आहेत. त्यांनी डोकं जड होतं, तोंड कोरडं पडतं, आग आहे तेवढीच राहते. लातूरचे डॉक्टर चांगले आहेत. मागच्या वेळी म्हणाले, "सोनकांबळे, साखर ताब्यात ठेवा, बाकी याच्यासोबत जगायचं." मी हो म्हणालो. मी स्वतः किती लोकांना असंच सांगून खिडकीतून पाठवलं असेल.

गेल्या महिन्यात लातूरच्या बसस्टँडवर एक बाई मागून हाका मारायला लागली, "ओ काका, चप्पल ऱ्हायली की तिकडं!" मी वळून बघितलं. डाव्या पायातली चप्पल तीसेक पावलं मागं पडली होती आणि मी तसाच चालत आलो होतो. ऊन असं होतं की डांबर पघळलं होतं. लोक हसले. मीही हसलो. घरी येऊन बघितलं तर तळव्याला दोन फोड.

तुझी माय परातीत पाणी घेऊन पाय बुडवून बसायची, आठवतं? तू बारावीला होतीस. मी ड्यूटीवरून आलो, चहा झाला नव्हता. मी त्या परातीला लाथ मारली. पाणी तुझ्या वह्यांवर गेलं. तू वह्या उचलल्यास, तिनं फरशी पुसली. मी म्हणालो होतो, "कामाचा कंटाळा आला की बाईचे पाय जळतात." हे मी एकदा नाही, पुष्कळ वेळा म्हणालो. माझ्या बहिणींसमोर म्हणालो. तिची साखर मीच तपासत होतो, गोळ्या मीच आणून देत होतो, आणि पायाचं विचारलं की बी कॉम्प्लेक्सची पट्टी पुढं टाकत होतो.

ती गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी लोकांना सांगितलं की कोंडाबाईनं दुखणं अंगावर काढलं, कुणाला सांगितलंच नाही. तेव्हा तू मांडवात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "ती सांगत होती. तुम्ही ऐकत नव्हता." दुसऱ्या दिवशी तू बॅग घेऊन निघून गेलीस.

तुझं खरं होतं. एवढंच कबूल करायचं होतं. याउपर माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नाही.

दादा


नांदेड, १२ सप्टेंबर २०२४

चि. धम्मप्रिया,

हे पत्र मी नांदेडहून लिहितो आहे. गुरुद्वाऱ्याजवळच्या यात्री निवासात उतरलो आहे. तुझ्यापासून ऑटोनं वीस मिनिटांवर. घाबरू नकोस, उद्या सकाळच्या गाडीनं परत जातो.

आपल्या दवाखान्यात भिंतीवर कागद लावला होता. साखरेमुळं ज्यांचे पाय जळतात अशा लोकांची तपासणी, नांदेडच्या अमुक कॉलेजात, पायाच्या कातडीचा बारीक तुकडा देण्याची तयारी असावी. कॉलेजचं नाव वाचलं आणि मला माहीत होतं तिथं कोण आहे. मी खोटं लिहीत नाही. मला उपचाराची आशा नव्हती. तुला लांबून तरी बघता येईल, म्हणून आलो.

डॉक्टर सुकन्या म्हणून एक बाई आहेत, तुझ्यापेक्षा थोड्या मोठ्या असतील. त्यांनी आधी कागद वाचून दाखवला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की या अभ्यासातून मला स्वतःला काही फायदा होणार नाही. मी सही केली. मग त्यांनी नायलॉनचा एक दोरा काढला, माशाच्या गळाला असतो तसा, आणि म्हणाल्या, "काका, डोळे मिटा. पायाला लागलं की 'हो' म्हणा."

मी डोळे मिटले आणि मला दरदरून घाम फुटला. त्यांना वाटलं साखर उतरली. गोड बिस्कीट दिलं. घाम का आला ते मी त्यांना सांगितलं नाही, इथंही लिहीत नाही.

डोळे उघडल्यावर त्या म्हणाल्या, "दोन्ही पायांना मिळून वीस ठिकाणी लावलं. तुम्ही तीन वेळा हो म्हणालात."

मग घोट्याच्या वर कातडीचा तुकडा काढायचा होता, तांदळाच्या दाण्याएवढा. त्या भुलीचं इंजेक्शन भरायला लागल्या. मी म्हणालो, "मॅडम, भूल कशाला वाया घालवता? मला कळणारच नाही."

त्या म्हणाल्या, "कळत नाही म्हणून तसंच टोचायचं का, काका?"

अगदी साधेपणानं म्हणाल्या. सिरिंजमधली हवा काढत होत्या.

नंतर मी तुला विचारला होता तोच प्रश्न त्यांना विचारला. पाय बधिर आहे की दुखतो आहे, यातलं खरं काय? त्या म्हणाल्या, दोन्ही. त्यांनी कागदावर चित्र काढलं. कातडीच्या अगदी वरच्या थराखाली नसांची टोकं येतात, आणि त्या टोकांना धरून ठेवणाऱ्या काही पेशी असतात. बरीच वर्षं लोकांना वाटायचं की त्या नुसत्या आधाराला आहेत. आता काही वर्षांत असं दिसलं आहे की टोचलेलं त्यांनाही कळतं आणि त्याच नसेला खबर देतात. साखर फार वर्षं अंगात राहिली की या पेशी कमी होतात, नसांची टोकं आत सरकतात. मग काटा रुतला तर खबर जात नाही. आणि जी टोकं उरतात त्यांच्यातली काही, कुणी हात लावला नसताना, आग लागल्याची खबर देत राहतात.

"नक्की असंच होतं का ते अजून कळलेलं नाही," त्या म्हणाल्या. "त्यासाठीच आम्ही मोजून राहिलोय. कुणाच्या कातडीत किती उरल्यात, आणि त्याला किती दुखतं."

"म्हणजे सुई कळली नाही, म्हणून माणूस खोटं बोलतो असं नाही?"

"उलट काका, ज्याला सुई कळत नाही तो आग होते म्हणाला, तर त्याचं पहिल्यांदा ऐकायला पाहिजे."

त्या कागद घ्यायला बाहेर गेल्या, तेव्हा मी दारापाशी गेलो. समोरच्या खोलीच्या काचेतून तू दिसलीस. सूक्ष्मदर्शकावर वाकली होतीस, केस वर बांधले होते. चष्मा लागला आहे तुला. मला माहीत नव्हतं. तू एका हातानं मोजणीचं बटण दाबत होतीस. मी दोन-तीन मिनिटं उभा राहिलो असेन.

माझ्या तुकड्याच्या डबीवर नाव नाही, एकसष्ट नंबर आहे. काही दिवसांत त्या तुकड्याची काच तुझ्यासमोर येईल. तुला न सांगता तसंच राहू द्यावं असं ठरवलं होतं. ते योग्य वाटेना, म्हणून लिहिलं.

दादा


रेणापूर, ९ ऑक्टोबर २०२४

चि. धम्मप्रिया,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमननं हातात दिलं तेव्हा मी ओट्यावर बसलो होतो. आत जाऊन चष्मा आणायला मला वेळ लागला.

तू टाईप करून लिहिलंस ते सगळं बरोबर आहे. एकसष्ट नंबर आपल्या बापाचा आहे हे माहीत झाल्यावर तू ती काच मोजू शकत नाहीस, डॉक्टर सुकन्यांना सांगावं लागलं, माझा नमुना अभ्यासातून काढला, आणि मी हे पुन्हा करू नये. करणार नाही. तुझ्या कामाची जागा मी बाटवली, त्याबद्दल माफी मागतो. मला त्यातलं कळत नाही असंही म्हणू शकत नाही. मी सरकारी दवाखान्यात आयुष्य काढलं आहे.

त्या टाईप केलेल्या मजकुराखाली तू हातानं चार ओळी लिहिल्यास. त्या मी इथं पुन्हा लिहितो, म्हणजे मी नीट वाचल्या हे तुला कळेल.

'लातूरला वॉर्डात मी आईला पहिलं काय बोलले असेन तर हे, की अनवाणी शेतात का गेलीस, काटा रुतलेला कळत नाही तुला, एवढी अक्कल नाही का. ती काही बोलली नाही. नंतर ती शुद्धीवर आलीच नाही. रोज काच लावताना मला तेच ऐकू येतं. तुमचा राग आला म्हणून मी घर सोडलं असं तुम्ही समजता. मला तिथं राहवत नव्हतं, कारण मीसुद्धा तिला शेवटी रागावलेच.'

पोरी, काटा कुणालाही रुततो. तू काळजीपोटी बोललीस. तुझ्या मायला ते कळलं असणार. तू हे मनाला लावून घेऊ नकोस. झालं ते झालं, सहा वर्षं होऊन गेली.

सोयाबीन यंदा बरं आहे. पाऊस जास्त झाला, पण शेंगा धरल्या. रूपालीच्या शाळेत नवीन खोल्या बांधायला काढल्या आहेत.

दादा


रेणापूर, २ डिसेंबर २०२४

धम्मप्रिया,

मागच्या पत्रात मी तुला काटा कुणालाही रुततो असं लिहिलं. ते पत्र टाकून आलो त्या दिवसापासून मला जेवण जात नाही. आज सगळं लिहितो. लिहून झाल्यावर वाचणार नाही, नाहीतर पाठवणं होणार नाही.

आधी माझं सांगतो. वीस नोव्हेंबरला बाजारातून आलो आणि फरशीवर लाल डाग दिसले. दारापासून मोरीपर्यंत. मला वाटलं कुणी पानाची पिंक टाकली. पुसायला वाकलो तर ते माझ्याच पायाचे ठसे होते. चपलेचा खिळा वर आला होता. सकाळी दहापासून मी त्यावर चाललो होतो. आरसा जमिनीवर ठेवून तळवा बघितला. अंगठ्याच्या खाली भोक. तसंच भोक, त्याच जागी, मी एकदा बघितलं आहे.

तुझ्या मायच्या पायात काटा रुतला नव्हता.

दोन हजार अठराच्या फेब्रुवारीतली गोष्ट. धर्माबादला उज्वलाचं लग्न होतं, तुझ्या आत्याच्या मुलीचं. तू तेव्हा शिकायला बाहेर होतीस. मी कपडे करून तयार होतो. तुझी माय वाकळ शिवत बसली होती. मी म्हणालो, "उठ, गाडी चुकंल." ती म्हणाली, "मला न्हाई येता येणार. पायात चप्पल सोसंना. लई जाळ होऊन राहिलाय."

तिचं आणि आत्याचं पटत नव्हतं हे तुला माहीत आहे. माझ्या डोक्यात तेच बसलं. मी म्हणालो, नाटकं आहेत. ती म्हणाली, "तुमच्या बहिणीच्या घरचं लग्न हाय म्हून म्या पाय जाळून घेऊ का?" ती उलट बोलली की माझं डोकं जायचं. मी खाली बसलो आणि तिचा पाय ओढून मांडीवर घेतला. म्हणालो, "डोळे मीट. मी टोचतो. दुखलं की सांग. खरं-खोटं आत्ता कळंल."

तिनं पदर डोळ्यांवर घेतला. तिला वाटलं असेल, आता तरी याला पटेल. तिच्या हातातली दाभण मी घेतली. वाकळीची जाड दाभण. एकदा टोचली. ती गप्प. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. ती गप्प. मला वाटलं मुद्दाम दम धरून बसली आहे. मग मी अंगठ्याखाली ठेवली आणि दाबली. आणखी दाबली. मला हाताला कळत होतं की ती किती आत गेली आहे.

तुझी माय पदराआडून म्हणाली, "टोचा की. कवा टोचणार?"

रक्त माझ्या पांढऱ्या पँटवर आलं होतं.

मी दाभण काढली, पायाला फडकं गुंडाळलं आणि म्हणालो, "बघ. सुई कळत नाही आणि म्हणे आग होते. खोटारडी." पँट बदलली आणि गाडीला गेलो. लग्नात जेवलो. दोन दिवस राहिलो.

परत आलो तेव्हा पाय सुजला होता. मी दवाखान्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस, मला लगेच कळलं हे काय आहे. लातूर अठरा किलोमीटर. मी नेलं नाही. डॉक्टर विचारतील कसं झालं, म्हणून नेलं नाही. कपाटातल्या गोळ्या दिल्या आणि रोज घरीच पट्टी केली. नऊ दिवस. दहाव्या दिवशी बोट काळं पडलं आणि वास यायला लागला, तेव्हा नेलं. तिथं काट्याची गोष्ट झाली. तू आलीस तेव्हा तीच गोष्ट तुला सांगितली गेली, आणि तू तिला रागावलीस.

तुझी चूक नव्हती. नसलेल्या काट्यावरून तू तिला बोललीस. हे तुला सहा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. तू मांडवात उभी राहिलीस तेव्हा सांगायला हवं होतं. 'तुम्ही ऐकत नव्हता' एवढंच तुला माहीत होतं, आणि मी मनात म्हणालो, एवढ्यावर निभावलं.

मला माफ कर असं लिहीत नाही. पोलिसांत द्यावंसं वाटलं तर हे पत्र पुरेसं आहे, खाली पूर्ण सही करतो.

माझ्या पायाचं काय केलं असं तू विचारशील. पट्टी केली आहे. लातूरला जायला पाहिजे. जाईन.

पंढरी लिंबाजी सोनकांबळे


लातूर, १९ जानेवारी २०२५

चि. धम्मप्रिया,

वॉर्डातल्या नर्सकडून कागद मागून लिहितो आहे. अक्षर वेडंवाकडं येतं आहे.

तू परवा येऊन गेलीस. रूपालीनं तुला कळवलं हे मला नंतर समजलं. मी डोळे उघडले तर तू पायथ्याशी उभी होतीस. चादर वर केलीस, कापलेल्या डाव्या पायाची पट्टी गुडघ्याखाली कुठवर आहे ते बघितलंस, मग उजव्या पायाची बोटं एकेक करून वेगळी करून मध्ये बघितलंस. टाचेखाली उशी घातलीस, टाच पलंगाला टेकू नये म्हणून. नर्सला सांगितलंस की हा पाय रोज बघा, याला स्वतःला कळणार नाही. 'याला' म्हणालीस. मी ऐकलं.

मग तू स्टुलावर बसलीस आणि विचारलंस, "आईला माहीत होतं का? ते कशानं झालं ते?"

मी छताकडं बघत राहिलो. पट्टी बदलायला माणूस आला. त्याचं होईपर्यंत तू थांबलीस. तो गेल्यावर आणखी थांबलीस. शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या बाईनं तुला विचारलं, लेक का? तू म्हणालीस, नांदेडहून आले. सहाची गाडी होती तुझी. इतकं सगळं लिहिलं, आणि तू समोर बसून एकच गोष्ट विचारलीस तर ती सांगता आली नाही. तू उठलीस, पिशवी घेतलीस आणि गेलीस.

डॉक्टर म्हणतात जखम भरेल की नाही ते आठ दिवसांत कळेल. भरली नाही तर गुडघ्याच्या वर कापावं लागेल. जो पाय कापला त्याच्या तळव्याची आग अजून होते. मी सकाळी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, होतं असं. त्यांनी लगेच विश्वास ठेवला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे.

तिला माहीत होतं. मी पायाला फडकं गुंडाळत होतो तेव्हा तिनं पदर काढला आणि माझ्या पँटकडं बघितलं. नऊ दिवस मी पट्टी करायचो आणि ती दुसरीकडं तोंड करून बसायची.

इथं लातूरला आणलं त्या दिवशी तपासणीच्या खोलीत डॉक्टरांनी विचारलं, "काय लागलं होतं, मावशी?" मी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो. मी काय सांगायचं ते ठरवून आलो होतो. पण माझ्याआधी तीच म्हणाली, "काटा रुतला, साहेब. बाभळीचा. खुरपायला गेले व्हते अनवाणी."

तिला वॉर्डात नेताना चाकाची खुर्ची मी ढकलत होतो. बोळात कुणी नव्हतं. मी विचारलं, "तू असं का सांगितलंस?"

तिनं मागं वळून बघितलं नाही. म्हणाली, "तुमी खरं सांगणार नव्हता. मंग म्या खोटं बोलले. तसं बी तुमच्या लेखी म्या खोटीच हाय."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी तू आलीस. दारातूनच तिला रागावत आलीस, डोळ्यांत पाणी होतं तुझ्या. मी खाटेच्या पलीकडं उभा होतो. तू बोलत होतीस तेव्हा तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मी खरं बोलावं म्हणून ती थांबली होती.

मी तुला म्हणालो, "तू बस हिच्याजवळ," आणि चहा प्यायला खाली गेलो.

दादा